मायच्या वाडीवरची रोजी

माझं अक्षर चांगलं नाही आणि शुद्धलेखनही नाही. चौथी झाली, त्यानंतर पेन धरायचं काम फारसं पडलं नाही. चुका झाल्या असतील, त्याची आधीच माफी मागते. कोणाची मागते ते मलाच माहीत नाही, कारण हे कोणाला दाखवायचं नाही. भाजी गुंडाळून द्यायला मी रद्दी घेते, तिच्यात रविवारच्या पुरवण्या येतात. त्यांत लोक आपल्या गेलेल्या माणसाबद्दल लिहितात, वर फोटो असतो. गिऱ्हाईक नसलं की मी ते अक्षर लावून लावून वाचते. कोणी प्राध्यापक असतो, कोणी गाणारा असतो. पालक-मेथी विकणाऱ्या बाईबद्दल अजून तरी मला काही दिसलं नाही. मग वाटलं, आपणच लिहावं. लिहून ट्रंकेत ठेवावं.

माय गेली तेव्हा मी बाजारात होते. उन्हाळ्याचे दिवस, भाजी लवकर सुकते म्हणून मी पोत्यावर पाणी शिंपडत होते. फोन आला. रेखाबाईंचा. मायजवळ राहायला मी ठेवलेली बाई, ती. ती कामाच्या वेळात कधी फोन करत नसे. म्हणाली, "ताई, दुकान आवरा अन घरी या."

"काय झालं?"

"या तुमी. घाई नका करू… पण या."

घाई नका करू म्हटल्यावर मला कळलं. शेजारच्या मावशीला भाजीकडे पाहायला सांगितलं आणि ऑटोत बसले. रस्ताभर ऑटोवाला भाड्याचं, पेट्रोलचं बोलत होता, मी हो हो म्हणत होते. घरी पोचले तर माय खाटेवर होती आणि रेखाबाई तिचा हात धरून बसली होती. म्हणाली, "एकटी नव्हती ताई. मी होतो इथंच. पाणी पेली अन गेली." मी नसताना माय एकटी राहू नये, यासाठीच मी त्या बाईला आणलं होतं. तिनं आपलं काम शेवटपर्यंत केलं होतं. मला मात्र मायच्या उशाशी बसायला जागा कुठं करावी तेही सुचेना.

आमची वाडी बोरगावच्या मागच्या अंगाला आहे. वाडी म्हणजे भाजीपाल्याचा तुकडा, एक विहीर आणि तिथंच दोन खोल्यांचं घर. आता तिन्ही बाजूंनी लेआउट पडले, पक्की घरं झाली, मधात आमची हिरवळ तेवढी राहिली. बाप लवकर गेला. मायनं आम्हा दोघांना याच तुकड्यावर वाढवलं. माझा भाऊ दिलीप शिकला, नागपूरला कंपनीत लागला. मी चौथीनंतर वाडीतच राहिले. पुढे लग्न झालं, पण ते टिकलं नाही. मी पिशवी घेऊन परत आले तेव्हा मायनं काही विचारलं नाही. माझ्याकडे पाहिलं, विळा हातात दिला आणि म्हणाली, "पालक कापून घे, उद्या बाजार आहे." तेव्हापासून आम्ही दोघी.

मायच्या जुड्या बाजारात ओळखू यायच्या. केळीच्या सोपटाचा पट्टा जुडीभोवती दोनदा फिरवायची आणि टोक आत खोचून द्यायची, गाठ मारायची नाही. घेणाऱ्या बाईनं एक टोक ओढलं की जुडी मोकळी. "गाठ सोडाले तिले चाकू लागू नये," म्हणायची. मला तिनं तसंच शिकवलं.

विसरणं कुठून सुरू झालं ते सांगता येत नाही. एकदा मेथी पेरलेल्या वाफ्यात तिनं पुन्हा मेथी पेरली. मी म्हटलं, "माय, काल पेरली ना आपण," तर म्हणाली, "बरं झालं, दाट होईन." आम्ही दोघी हसलो. मग बाजारात भाव विसरायला लागली. एका बाईला सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चार जुड्या फुकट दिल्या, वर तिलाच म्हणाली, "पैसे किती देऊ तुले?" नंतर पहाटे उठून रिकामी टोपली घेऊन निघायची. एक दिवस ती मला सापडलीच नाही. दुपारी एक ऑटोवाला तिला घेऊन आला. तो कधी कधी आमच्याकडून भाजी न्यायचा म्हणून त्यानं ओळखलं. एसटी स्टँडवर बसली होती, पत्ता विचारला तर आपल्या माहेरच्या गावाचं नाव सांगत होती. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा मेंदूचा आजार आहे, डिमेन्शिया, गोळ्यांनी थोडं शांत राहतील पण गेलेली आठवण परत येणार नाही. "माणूस सोबत ठेवा," एवढंच त्यांनी दोनदा सांगितलं.

माणूस कुठून ठेवणार… घरात माणूस म्हणजे मीच, आणि मी घरी बसले तर चूल कशी पेटणार. दिलीप तिला नागपूरला घेऊन गेला. चांगलंच ठेवलं त्यानं, त्याच्या बायकोनंही. पण माय तिसऱ्या मजल्यावर विहीर शोधत होती. जेवेना. आठवड्यातच तो तिला परत घेऊन आला आणि माझ्यासमोर बसला.

"ताई, माह्यानं नाई होत. अन तुह्यानंही नाई होणार एकटीनं. नागपूरले एक आश्रम पाह्यला मी. साफ आहे, डॉक्टर येते."

"तिथं वाडी आहे का?"

"ताई, तिले आता वाडी काय अन दुसरं काय…"

"तिले नसंन समजत. मले समजते."

तो मग म्हणाला, "दिवसभर राहणारी बाई भेटली तं ठेव. अर्धे पैसे मी देतो. नाई भेटली तं पुढच्या महिन्यात मी गाडी घेऊन येतो." त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मायला पुन्हा कुठं हरवू द्यायची नव्हती त्याला. पण त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर ती गाडीच उभी राहिली.

बाई ठेवणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. कामाला बाया देणाऱ्या एका ऑफिसातून पहिली मुलगी आली. शिकलेली, ड्रेस इस्त्रीचा. ती मायला सारखी म्हणे, "आजी, तुम्ही आराम करा." मायनं जन्मात आराम केला नव्हता. "मी बिमार आहे का व?" असं विचारून विचारून ती चिडली आणि शेवटी म्हणाली, "हिनं माहा विळा चोरला." मुलगी दुपारीच निघून गेली. दुसरी बाई वयानं मोठी होती, समजदार होती. तिला मायनं पाहुणी समजून चहा दिला, पोहे करायला लावले मला. मग पाहुणी उठण्याची वाट पाहत बसली. दुसऱ्या दिवशीही पाहुणी आली तेव्हा मायनं तिला हळूच म्हटलं, "बाई, तुह्या घरचे वाट पाहत असतीन व." ती बाई हसली, पण तिसऱ्या दिवशी आली नाही. महिना संपत आला होता. मला माणसांशी बोलायला जमत नाही, कोणाच्या दारात जाऊन काही मागणं तर नाहीच. तरी त्या दिवसांत मी किती जणींना विचारलं… सगळ्यांचं एकच, "बुढीले कोण सांभाळंन बापा."

रेखाबाई मूळची हिंगणघाटकडची. आधी दवाखान्यात आया होती, आता लोकांच्या घरी म्हातारी माणसं पाहायची. बाजारातल्या मावशीनं तिला माझ्याकडे धाडलं. ती सकाळी आली तेव्हा माय ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. हातानं बांधायची आणि विसरून परत सोडायची. मायनं वर पाहून विचारलं, "काऊन आली व?" मी घाबरले, आता हिलाही घालवते. रेखाबाईनं इकडे तिकडे पाहिलं, चप्पल काढली आणि दाराबाहेरच उकिडवी बसली.

"कामावर आली, बाई. निंदाले लावता का?"

मायनं तिला खालीवर पाहिलं. किती दिवसांनी तिच्या डोळ्यांत ती जुनी मालकीण दिसली मला. "रोजी काय घेशीन?"

"जे चालू आहे ते द्या."

"चहा मिळंन. भाकर आपली आणाची."

"हाव."

"बोलत नाई बसाचं कामात."

"मी कायले बोलतो, बाई."

आणि ती वाफ्यात उतरली. माय बांधावर बसून तिच्यावर लक्ष ठेवू लागली. मी रेखाबाईला नंतर म्हटलं, तुम्ही दवाखान्यात काम केलेल्या, तुम्हाला वाफ्यातलं तण निंदायला लावलं, मला कसंतरी वाटते. तर म्हणाली, "ताई, त्याईले माह्यावर नजर ठेवाले भेटली, मले त्याईच्यावर. दोघींचंही काम झालं." रोज असंच चाले. मायला न्हाऊ घालायचं तर रेखाबाई म्हणायची, "बाई, विहिरीवर चला, हात-पाय धुवाले, माही पाठ दुखते." मग मायच तिला धुवायला मदत करायची आणि त्यातच स्वतः न्हाऊन निघायची. गोळी द्यायची तर, "मालकिणीनं घेतल्याशिवाय मी कशी घेऊ."

फक्त एक अडचण आली. मायचा जन्मभराचा नेम होता, मजुराची रोजी दिवस मावळायच्या आत त्याच्या हातावर ठेवायची. उद्या नाही, परवा नाही. संध्याकाळ झाली की ती बेचैन व्हायची, पदर चाचपायची, सगळ्या डब्यांत हात घालायची. रेखाबाईला दार सोडू द्यायची नाही, "थांब व, रोजी घेऊन जा." म्हणून मी सकाळी बाजारात जाण्याआधी तिच्या पदराला एक दहाची नोट बांधायला लागले. संध्याकाळी माय गाठ सोडून ती नोट रेखाबाईच्या हातावर ठेवायची, रेखाबाई कपाळाला लावायची आणि जाताना खिडकीतल्या डब्यात टाकायची. सकाळी तीच नोट परत पदरात. फिरून फिरून ती नोट कापडासारखी मऊ झाली होती. दिल्यावर माय निवांत व्हायची, जेवायची, झोपायची.

अशी ती रेखाबाईला ओळखत होती. मला मात्र ओळखत नव्हती. मी कोण, हे तिच्या जगात कुठं बसत नव्हतं. बेबी हे माझं नाव तिच्या तोंडी यायचं, पण ती बेबी शाळेत गेलेली असायची. एकदा मी बाजारातून आले, आत भाकरी टाकत होते, तेव्हा ओट्यावर ती रेखाबाईला विचारत होती, "हे बाई रोज आपल्या घरी काऊन झोपते व?"

मी तव्यापाशी तशीच थांबले. रेखाबाई म्हणाली, "तिचं घर दूर आहे, बाई. राहू द्या."

माय मग म्हणाली, "राहू दे मंग. जेवली का विचार तिले."

मी रडले नाही. भाकरी करपली तेवढी.

उन्हाळा लागला, विहीर खाली गेली, भाजी निम्म्यावर आली. दिलीपचे अर्धे पैसे यायचे, माझे अर्धे काही केल्या जमेनात. रेखाबाई पगारासाठी एक महिना थांबली, दुसऱ्या महिन्यात म्हणाली, "ताई, रामनगरातून एक बोलावणं आलं. मले जावंसं नाई वाटत. पण माहीही पोरगी शिकून राह्यली." ती बरोबर बोलत होती. ती गेली की दिलीपची गाडी येणार हेही ठरलेलंच होतं.

आमच्या बचत गटात मी बचत भरायची आणि मागच्या भिंतीला टेकून बसायची. कधी कर्ज मागितलं नव्हतं, कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या मीटिंगला मी उभी राहिले.  म्हटलं, कर्ज पाहिजे. पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या शोभाताईंनी विचारलं, "कायले? बकरी?"

"नाई. मायजवळ बाई ठेवली, तिचा पगार द्याचा आहे."

सगळ्या हसल्या. आमच्या गटातल्या अर्ध्या बाया लेआउटच्या घरांत भांडी-धुण्याला जातात. एक म्हणाली, "आमी बाई म्हणून लोकायच्या घरी जातो अन हे बाई ठेवून राह्यली. शेठानी झाली बेबी." दुसरी म्हणाली, "मले ठेव व, मी कमी घेईन." शोभाताई म्हणाल्या, "बकरी घेतली तं पिल्लं होते. मशीन घेतली तं शिलाई येते. बाई ठेवून काय येईन? हप्ता कुठून भरशीन?"

मी एवढंच म्हणाले, "मले कामाले बाई नाई पायजे. मी बाजारात बसतो तेव्हा माह्या जागेवर बसाले माणूस पायजे. नाई तं मायले आश्रमात नेतीन." मग मी खाली बसले.

कोणी हसलं नाही. मघाची ती भांडी घासणारी, मला शेठानी म्हणाली ती, तिनंच म्हटलं, "द्या व तिले. गिरजामायच्या हातची मेथी खाल्ली आपण साऱ्याईनं." शोभाताईंनी पैसे काढून दिले. रेखाबाई रामनगरला गेली नाही.

त्यानंतरचा एक दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. बाजाराला सुट्टी होती, मी घरी होते. ओट्यावर रेखाबाई आणि माय जुड्या बांधत होत्या, मीही जाऊन बसले. मायनं विचारलं, "हे नवी का?" रेखाबाई म्हणाली, "हाव, आजच्या दिवस आली." मी खाली मान घालून बांधायला लागले. पट्टा दोनदा फिरवला, टोक खोचलं. मायनं माझ्या हातातून जुडी घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली.

"गाठ काऊन नाई मारली?"

"मले मायनं असंच शिकवलं."

तिनं टोक ओढलं, जुडी मोकळी झाली. परत मला दिली. "बराबर शिकवलं तुह्या मायनं. कुठी राहते ते?"

"इथंच… जवळच."

"मंग भेटत जाजो तिले. लेकी येत नाई मंग." एवढं बोलून ती आपल्या जुडीकडे वळली. दुपारभर आम्ही तिघी कामाला होतो. मधात तिनं मला चहा प्यायला लावला, बशीत ओतून, फुंकर घालून दिला, लहान पोराला देतात तसा. संध्याकाळी रेखाबाईला रोजी दिली, मग माझ्यापाशी आली आणि पदर उलटा करून दाखवला. त्यात दुसरी नोट नव्हती. तिला फार लाज वाटली. मला म्हणाली, "तुही उद्या देईन व. मले याद देजो." मी याद देते म्हटलं.

त्यानंतर ती फार दिवस नव्हती. आधी वाफ्यापर्यंत जाणं थांबलं, मग ओट्यापर्यंत. रेखाबाई खाटेजवळ बसून वाडीचा हिशेब सांगायची, आज पालक निघाला, आज पाणी दिलं. माय ऐकायची. शेवटच्या दिवसापर्यंत संध्याकाळी बोटं पदराकडे जायची. आणि मग तो फोन आला.

ती आपल्या घरात गेली, तिची वाडी खिडकीतून दिसत होती. मला एवढंच हवं होतं आणि एवढं झालं. त्या दिवशी मातीवरून सगळे परतले, नातेवाईक पडवीत बसले होते. ऊन उतरल्यावर रेखाबाई निघाली आणि सवयीनं दाराशी थांबली. तिच्याही ते लक्षात आलं, माझ्याही. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. मग तिनं चप्पल घातली आणि गेली. तेरवीला आली, भांड्यांना हात लावला, जाताना म्हणाली, "येतो ताई." आता ती दुसऱ्या एका म्हाताऱ्या बाबांकडे आहे. फोन करीन म्हणते, पण तिथं वेळ मिळत नसेल. मीही करत नाही. करून काय बोलायचं, ते मला सुचत नाही.

माणूस गेल्यावर घर मोठं होतं असं ऐकलं होतं. आमच्या दोन खोल्या तेवढ्याच आहेत, पण त्यांत दोन बाया बोलत होत्या, त्या दोन्ही एका दिवशी गेल्या. मी बाजारातून येते तेव्हा ओट्यावर कोणी नसतं. मी कोण, असं विचारणारंही कोणी नाही. कधी कधी वाटतं, मला न ओळखणारी का होईना, माय होती… तिनं विचारलं तर होतं, जेवली का.

दिलीपचा फोन आला होता. म्हणाला, "ताई, गटाचं कर्ज राह्यलं ना, मी सारे पैसे पाठवतो, भरून टाक एकदाच." मी म्हटलं, राहू दे, मी भरते हप्त्यानं. त्याला वाटलं मी रागावले. राग नव्हता. मीटिंगला गेलं की हप्ता देताना कोणीतरी मायचं नाव काढायचं. "गिरजामायचा हप्ता आला व," असं म्हणायच्या. मग कोणी तिच्या मेथीची गोष्ट सांगायची, कोणी तिच्या रागाची. मी भिंतीला टेकून ऐकायची. बाकी कुठं कोणी तिचं बोलत नाही. आणि पालकाच्या पैशातून हप्ता बाजूला काढताना मला वाटायचं, मायसाठी अजून काहीतरी करणं बाकी आहे.

पोळा झाला. पाणी चांगलं झालं, भाजी भरपूर आली, भावही होता. परवाच्या मीटिंगला शेवटचा हप्ता नेला. शोभाताईंनी नोटा मोजल्या, पेटीत टाकल्या. "फिटलं व बेबे," त्या म्हणाल्या. "सांगितल्या दिवशी आणून देल्ले सारे. एकही खाडा नाई." त्या शेठानी म्हणणाऱ्या बाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. कोणीतरी चहा ठेवला होता. मग बकरीच्या कर्जाचं बोलणं निघालं, एकीला शिलाई मशीन घ्यायची होती, सगळ्या त्यात लागल्या. पुढच्या महिन्यापासून मी फक्त बचत भरायची, ती माझी एकटीची. चहा प्यायला, कप धुवून ठेवला. मायचे सगळे पैसे फिटले होते.